पॉवर टाकू की साधं?

पेट्रोल पंपावर गाडी लावून झाकण उघडलं की नोझल धरलेला मुलगा दोन गोष्टी बोलतो. आधी "पॉवर टाकू की साधं?" आणि मग "झिरो बघा." झिरो आपण सगळे मान वळवून इमानेइतबारे बघतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र बहुतेक जण खिशाकडे नाहीतर शेजारच्या गाडीकडे बघून देतात. मागच्या महिन्यात सातारा रस्त्यावरच्या एका पंपावर माझ्या पुढे शंभर सीसीची जुनी मोटरसायकल होती, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली. त्या गृहस्थांनी दोनशे रुपयांचं 'पॉवर' टाकायला सांगितलं. न राहवून मी विचारलं, "काका, साधं का नाही?" म्हणाले, "चढाला बरी पळते."

तिथे मी गप्प बसलो. इथे बोलतो. ती मोटरसायकल त्या पेट्रोलमुळे चढाला बरी पळत नाही, कारण त्या पेट्रोलमध्ये जे जास्तीचं आहे, म्हणजे ऑक्टेन, ते वापरायची सोयच तिच्या इंजिनात नाही. आणि तिच्या मालकाला हे कळावं अशी कुठलीही पाटी त्या पंपावर नव्हती. होतं ते मोठ्या अक्षरांतलं 'पॉवर' हे नाव; दुसऱ्या कंपनीच्या पंपावर 'स्पीड' असतं. माझी तक्रार त्या काकांबद्दल नाही, त्या नावांबद्दल आहे. आणि आता इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची बाजू मांडताना सरकारनेही तीच भाषा उचलली आहे, तिच्याबद्दल जास्त आहे.

आधी इंजिनात काय होतं ते. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि ज्योत एका कडेने पेटत दुसऱ्या कडेला जाते. मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं त्याच थेंबातून जास्त काम निघतं. पण दाबलं की ते तापतं. ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपणहून भडकलं, की पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसल्यासारखा ठोका पडतो. यालाच गॅरेजमध्ये 'नॉकिंग' म्हणतात. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की हे इंधन किती दाब आणि किती ताप सोसून ठिणगीची वाट बघेल. सोशिकपणाचं माप आहे ते. इंधनात ऊर्जा किती, हे त्यात कुठेच येत नाही.

हा आकडा काढायची पद्धतही मजेची आहे. १९२६ मध्ये ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मोजपट्टीची दोन टोकं ठरवली: आयसो-ऑक्टेन हा अतिशय सोशिक द्रव म्हणजे १००, आणि हेप्टेन हा तापट द्रव म्हणजे शून्य. एका सिलिंडरचं, दाब कमीजास्त करता येणारं एक खास इंजिन असतं. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून नमुन्याचं इंधन कधी ठोकायला लागतं ते बघतात. ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखं ते वागलं, की आकडा ९५. आपल्याकडे धरतात तो हाच. आता या दोन द्रवांची ऊर्जा बघा. एक किलो आयसो-ऑक्टेन आणि एक किलो हेप्टेन जाळलं तर उष्णता जवळजवळ सारखीच मिळते, उलट हेप्टेनची किंचित जास्त. म्हणजे मोजपट्टीवर शून्य मिळवणारा ऊर्जेच्या बाबतीत शंभरवाल्याच्या पुढे. 'पॉवर' या नावाची गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती.

(अमेरिकेतले नातेवाईक "आमच्याकडे तर ८७ च चालतं" म्हणतात तेव्हा गोंधळून जाऊ नये. तिथल्या पंपावरचा आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो आणि आपल्या आकड्यापेक्षा चार-पाचाने कमी दिसतो. त्यांचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१-९२.)

नॉकिंगचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो खंबाटकी घाटात. आमची जुनी छोटी गाडी, आत पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू आणि मी नवशिका चालक चौथ्या गिअरमध्ये पाय दाबून बसलेलो. बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, पेट्रोलमध्ये भेसळ. बाबा शेजारून शांतपणे म्हणाले, "तिसरा टाक." तिसरा टाकला, आवाज गेला. कमी फेऱ्यांवर जास्त ओझं ओढायला लावलं की सिलिंडरमधला दाब आणि ताप वाढतो. त्यावर गिअर बदलणं हा फुकटचा इलाज होता. पुढे कितीतरी वर्षं आम्ही त्या गाडीत साधंच पेट्रोल टाकलं आणि तो आवाज पुन्हा आला नाही.

मग महाग पेट्रोलने गाडीची ताकद वाढते हे सरसकट खोटं का? नाही. इथेच थांबून सरसकट 'सगळी फसवणूक' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. ताकद वाढते, पण इंजिनाने ती मागितली तरच.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला विमानांचा आहे. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनाला ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं इंधन मिळालं. त्यामुळे सुपरचार्जरने कोंबायच्या हवेचा दाब चौरस इंचाला सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांवर नेता आला आणि सुमारे १,०३० अश्वशक्तीचं इंजिन गरजेच्या वेळी १,३०० च्या वर जाऊ लागलं. अश्वशक्ती दिली ती त्या जादा हवेने आणि तिच्याबरोबर जळलेल्या जादा इंधनाने. नव्या इंधनाने फक्त ती हवा कोंबू दिली. तेच इंधन नुसतं टाकीत भरून दाब पूर्वीचाच ठेवला असता, तर वैमानिकाला काडीचाही फरक जाणवला नसता.

आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये हेच काम काँप्युटर करतो. इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, एक प्रकारचा कान म्हणा. ठोका ऐकू आला की काँप्युटर त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा टाकतो, टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबणारा पंखा, असेल तर हवेचा दाबही उतरवतो. इंजिन वाचतं, ताकद जाते. आवाज येतच नाही, त्यामुळे मालकाला पत्ताही लागत नाही. ९५ किंवा ९८ साठी बेतलेल्या गाडीत ९१ टाकलं तर होतं ते हे. तेव्हा अशा गाडीच्या मालकाने महाग पेट्रोल भरलं तर तो ताकद विकत घेत नाही, कारखान्याने दिलेली ताकद परत घेतो.

अमेरिकेत माझदाने आपलं अडीच लिटरचं टर्बो इंजिन विकताना हे उघड छापलं होतं: साध्या ८७ वर २२७ अश्वशक्ती, ९३ वर २५०. टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, कमाल आकडा मात्र दोन्हींवर एकच, ३१० पाउंड-फूट. म्हणजे जास्तीच्या तेवीस घोड्यांची भेट हवी तर इंजिन वरच्या फेऱ्यांपर्यंत ताणायला हवं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. डॉजने २०१८ ची डेमन काढली तेव्हा तर नाटकच केलं. पंपावरच्या पेट्रोलवर ८०८ अश्वशक्ती, शर्यतीच्या शंभरच्या वरच्या इंधनावर ८४०. पण त्यासाठी एक डॉलर मोजून वेगळी पेटी घ्यायची, तिच्यातला दुसरा काँप्युटर गाडीत बसवायचा आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबायचं. नुसतं इंधन ओतून ३२ घोडे मिळत नाहीत, हे त्या बटणाइतकं स्पष्ट मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि स्वीडनची कोनिगसेग येस्को. पाच लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही-८. साध्या पेट्रोलवर १,२८० अश्वशक्ती, आणि ई-८५ वर, म्हणजे ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर, १,६००! इथेनॉलचं ऑक्टेन सुमारे १०८ आहे, शिवाय वाफ होताना ते आतली हवा चांगलीच थंड करतं. टर्बोचा दाब वाढवायला याहून चांगला सोबती मिळणं अवघड.

इथेनॉलचं नाव निघालंच आहे, तर आता आपल्याकडे येऊ.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज घटतं म्हणून गदारोळ झाला तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा काढला. त्यात एक मुद्दा ऑक्टेनचा होता. पूर्वी आपलं पेट्रोल ८८ होतं, प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांत ९१ झालं, आता वीस टक्के इथेनॉलमुळे ९५ झालं आहे. त्यामुळे ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांना पिकअप चांगला मिळतो. यातला एकही शब्द खोटा नाही. पण 'जुळवलेल्या' या शब्दावर सगळा भार आहे, आणि रस्त्यावरच्या कितीतरी गाड्या तशा जुळवलेल्या नाहीत. ई-२० सोसणारे भाग असलेल्या गाड्या सर्रास मिळू लागल्या त्याच २०२३ च्या एप्रिलपासून. सोसणारे रबर आणि पाइप असणं वेगळं, आणि त्या ऑक्टेनचा फायदा उठवण्याइतका दाब इंजिनात असणं वेगळं. २०१५ ची हॅचबॅक किंवा दुधाच्या कॅनवाली मोटरसायकल या ९५ चं काय करणार? तिचा दाब कारखान्यात ठरून गेला. कार्बोरेटरच्या गाडीला तर सेन्सरचा कानही नाही. येस्कोला इथेनॉल पंख देतं कारण तिच्याकडे ते मागणारे टर्बो आणि ओळखणारा काँप्युटर आहे. आपल्या काकांच्या गाडीला त्यातला फक्त तोटा मिळतो.

तो तोटा किती, याचं गणित पंपावर उभ्या उभ्या करता येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ३७ लिटरची टाकी ई-२० ने भरली तर त्यात ७.४ लिटर इथेनॉल. म्हणजे ऊर्जेच्या हिशेबात सुमारे अडीच लिटर पेट्रोल कमी भरलं. झिरो बघितला, आकडा ३७ दिसला, पैसे ३७ चे दिले. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर ही तूट साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ई-० म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि तशा दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के अ‍ॅव्हरेज कमी होण्याचा अंदाज दिला होता. ई-१० साठीच बनवून ई-२० ला जुळवलेल्या चारचाकीत मात्र तोच आकडा १ ते २ टक्क्यांवर येतो. चांगलं जुळवलेलं इंजिन जास्तीच्या ऑक्टेनमधून तूट बरीचशी भरून काढतं, याचा हा सरकारी कागदावरचाच पुरावा. ज्याच्याकडे असं इंजिन नाही, त्याला ९५ चा आकडा ऐकवून समजूत घालणं म्हणजे दात नसलेल्याला चणे देऊन वर उपकार सांगणं.

मी इथेनॉलविरोधी नाही. ऊस पिकवणाऱ्या, मळीचा वास श्वासात घेऊन वाढलेल्या भागातला माणूस तसा असूही शकत नाही. कारखान्याला साखरेशिवाय दुसरा धंदा मिळाला, उसाची थकलेली बिलं निघाली, बाहेरून तेल आणायचे डॉलर वाचले, हे फायदे खरे आहेत आणि ते सांगायला ऑक्टेनची झूल पांघरायची गरज नाही. 'देशासाठी तुमचं अ‍ॅव्हरेज थोडं कमी होईल, त्याबद्दल लिटरमागे एवढे पैसे कमी घेऊ', असं म्हटलं असतं तर बहुतेकांनी कुरकुर करत का होईना मान्य केलं असतं. ते झालं नाही. याच खुलाशात मंत्रालय म्हणालं की इथेनॉल आता लिटरला ७१ रुपयांच्या वर पडतं, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. मग स्वस्त कसं देणार? अडचण समजते. पण ती ग्राहकाला अडचण म्हणून सांगावी, पिकअप म्हणून नव्हे.

ब्राझीलमध्ये २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आहेत, आणि पंपावर इथेनॉल वेगळं, पेट्रोल वेगळं मिळतं. तिथला साधा गाडीवाला एक हिशेब तोंडपाठ ठेवतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. तिथल्या पेट्रोलमध्येही आपल्यापेक्षा जास्त इथेनॉल असतं, हे आपल्याकडचे समर्थक नेहमी सांगतात. गाड्या त्यासाठी बनलेल्या असतात आणि निवड पंपावर उभी असते, हे सांगायचं राहून जातं. ब्रिटनने २०२१ मध्ये ई-१० सरसकट केलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ 'सुपर' पेट्रोलमध्ये ठेवलं. युरोपात २०१८ पासून नोझलवर आणि नव्या गाडीच्या झाकणाजवळ सारख्याच खुणा असतात: गोलात ई-५, ई-१०, ई-८५. गोलाशी गोल जुळवायचा, संपलं.

आपल्याकडे जुन्या गाडीवाल्याने काय करावं? इथेच सगळ्या प्रकरणातला विनोद आहे. १०० ऑक्टेनचं पेट्रोल इंडियन ऑइलने २०२० च्या डिसेंबरमध्ये आणलं. दिल्लीत तेव्हा भाव लिटरला १६०. पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणेही होते. ते होतं पोर्शे-फेरारीवाल्यांसाठी. आता ते शोधत कोण फिरतं? माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांच्याकडे जपून ठेवलेली जुनी स्कूटर आहे. त्यांना शंभर ऑक्टेनशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवं आहे बिनइथेनॉलचं पेट्रोल, आणि ते त्यांना एवढ्या एकाच नळातून मिळतं. रिंगरोडवर ताशी तीसने जाणाऱ्या स्कूटरच्या टाकीत शर्यतीचं इंधन. आणि त्याच रस्त्यावर, त्याच ताशी तीसने, एखादी खरीखुरी स्पोर्ट्स कार वाहतुकीत अडकलेली असते. तिलाही त्या क्षणी शंभरचा काही उपयोग नसतो, कारण ऑक्टेनची परीक्षा पाय पूर्ण दाबल्यावर होते आणि पाय पूर्ण दाबायला आपल्याकडे रस्ता लागतो. शेजारी शेजारी उभे राहून दोघेही वाया घालवतात. एकाला परवडतं, एवढाच फरक.

महाबळेश्वरला गेल्यावर गाडी दमली म्हणून तिथे 'पॉवर' टाकणारेही मी पाहिलेत. साडेचार हजार फुटांवर हवाच विरळ, सिलिंडरमध्ये दाब कमी, म्हणजे ऑक्टेनची गरज उलट घटलेली. अमेरिकेत डोंगराळ कोलोरॅडोत म्हणून तर ८५ चं पेट्रोलही विकतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. धोरण सरकारने ठरवावं, हे तत्त्व म्हणून मला पटतं. प्रत्येक पंपावर आणखी एक टाकी, आणखी एक टँकर म्हणजे खर्च, हेही खरं. पण सगळ्या पंपांवर नकोच. प्रत्येक तालुक्यात एखादा पंप, ई-१० किंवा त्याहून कमी, साध्या ऑक्टेनचं, साध्या भावाच्या जवळपास. जुन्या गाड्या दरवर्षी कमीच होणार, त्यामुळे दहा-बारा वर्षांत तो नळ आपोआप बंद करता येईल.

एवढंही नको असेल तर किमान दोन आकडे द्या. नोझलवर ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती. अमेरिकेत ऑक्टेनचा पिवळा स्टिकर पंपावर लावणं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बंधनकारक आहे. आपल्याकडे साध्या पेट्रोलच्या नोझलवर ऑक्टेनचा आकडा मी फिरतो त्या पंपांवर तरी मला दिसलेला नाही, आणि ई-२० चा स्टिकर असला तर उन्हाने उडालेला. साधंच जर आता ९५ झालं असेल, तर नावात ९५ मिरवणाऱ्या महाग पेट्रोलसाठी ग्राहक जादा पैसे नेमके कशाचे देतो? इंजेक्टर साफ ठेवणाऱ्या रसायनाचे देत असेल, तर तसं लिहा, तोही उपयोग आहे. आणि पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाखांद्यावर एआरएआयसारखी गाड्या तपासणारी संस्था बसली आहे, जिथे इंजिनं बाकावर बांधून मोजतात. जास्त खपलेल्या पन्नास जुन्या गाड्यांची ९१ वरची आणि ई-२० वरची ताकद आणि अ‍ॅव्हरेज मोजून तक्ता मराठीत, हिंदीत छापा. माझदाने जाहिरातीत छापलं, ते आपण सरकारी कागदावर छापायला काय हरकत आहे?

"लोक कुठे आकडे वाचतात?" असं एका पंपमालकाने मला ऐकवलं. आम्ही त्याच्याच पंपावर उभे होतो. त्याच्या मागे भिंतीवर फळा होता, आणि त्यावर त्या दिवसाची पेट्रोलची आणि डिझेलची घनता लिहिलेली होती, कारण तसा नियम आहे. खाली मोफत हवा, पिण्याचं पाणी, तक्रारवही. घनतेच्या ओळीखाली आणखी दोन ओळींची जागा रिकामी होती. मी तिकडे बोट दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, "वरून पत्र आलं तर आजच लिहितो."